फोनमधली यादी आणि दिल्लीतला कायदा



बचतीवर बोलायचं म्हटलं की तुम्हाला वाटत असेल, पुन्हा तेच: आरडी, एफडी, पोस्टाची मासिक उत्पन्न योजना आणि नॉमिनेशन. नॉमिनेशनचा विषय आज येणारच आहे, पण जरा वेगळ्या वाटेने. आज बोलायचं आहे ते तुमच्या माहितीबद्दल. तुमचं नाव, आधार क्रमांक, अंगठ्याचा ठसा, पगाराची स्लिप, आणि फोनमध्ये साठवलेले नातेवाइकांचे नंबर. याला तिजोरी लागत नाही, म्हणून आपण ही माहिती कुणालाही देऊन टाकतो.

सेक्टरमध्ये राहणाऱ्यांना एक गोष्ट चटकन पटेल. उन्हाळ्यात आपण नागपूरला, अमरावतीला जातो आणि क्वार्टरची चावी शेजारच्या काकूंकडे ठेवतो. कशासाठी? तुळशीला पाणी घालायला. काकूंनी त्या चावीने दार उघडलं, पाणी घातलं, ठीक. पण त्यांनी कपाट उघडून बँकेची पासबुकं चाळली, तर आपण म्हणू का, की चावी तर मीच दिली होती? नाही म्हणणार. चावी एका कामासाठी दिली होती. माहितीच्या कायद्याचा गाभा एवढाच आहे. आपल्या देशाला हे कायद्यात लिहायला किती वर्षं लागली आणि त्यात लहान बचतदाराच्या वाट्याला काय आलं, हे आज पाहू.

आधी नुकसान कसं होतं ते बघा. समजा, महिनाअखेर आहे, घरात आजारपण निघालं आणि पाच हजार कमी पडले. पतसंस्थेत अर्ज करायचा तर दोन जामीनदार हवेत आणि चारचौघांत विषय होतो. म्हणून मुलगा मोबाईलवर एक कर्जाचं ॲप उतरवून घेतो. ॲप विचारतं: कॉन्टॅक्ट बघू का? फोटो बघू का? लोकेशन बघू का? तो तीनदा ‘अलाऊ’ दाबतो. पाच हजार मंजूर होतात, पण ‘प्रोसेसिंग फी’ कापून हातात पडतात साडेतीन हजार. सात दिवसांनी फेडायचे पूर्ण पाच हजार. म्हणजे साडेतीन हजारांवर एका आठवड्यात दीड हजार. आठवड्याला जवळजवळ ४३ टक्के. सावकार महिन्याला शेकडा पाच घेतो म्हणून आपण त्याला शिव्या घालतो. इथे मात्र स्क्रीन रंगीत असल्यामुळे कुणी हिशेबच करत नाही.

आठव्या दिवशी फोन सुरू होतात. मुलाला नाही, मुलाच्या फोनमधल्या लोकांना: व्याह्यांना, ऑफिसातल्या साहेबांना, बहिणीच्या सासरी. कुणाला शिवीगाळ, कुणाला मोडतोड केलेला फोटो. पाच हजारांच्या कर्जाला त्याने काय तारण ठेवलं होतं, हे तेव्हा कळतं. सोनं नाही, घर नाही. त्याने गोतावळ्यातली अब्रू गहाण टाकली होती. देशात अशा छळापायी लोकांनी जीव दिल्याची प्रकरणं पोलिसांत नोंदली गेली आहेत. घरात असं काही घडलं तर मुलावर ओरडण्याआधी त्याच्याजवळ बसा. पैशाचं नंतर बघता येतं.

हे लोण करोनाच्या काळात पसरलं. जानेवारी २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने एक अभ्यासगट नेमला. त्याचा अहवाल नोव्हेंबर २०२१ मध्ये आला. त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत ८० पेक्षा जास्त ॲप स्टोअरवर भारतीयांना कर्ज देऊ करणारी सुमारे ११०० ॲप्स सापडली आणि त्यातली ६०० च्या आसपास बेकायदा होती. निम्म्याहून जास्त!

२ सप्टेंबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जांसाठी नियम काढले. मे २०२५ मध्ये ते नव्याने एकत्र बांधले गेले. त्यातल्या काही गोष्टी पाठ करून ठेवा. कर्जाचा पैसा बँकेकडून किंवा नोंदणीकृत वित्त कंपनीकडून थेट तुमच्याच खात्यात आला पाहिजे, मध्ये कुणाच्या वॉलेटमध्ये नाही. व्याज आणि सगळे आकार मिळून वर्षाला किती टक्के पडतात, हे सांगणारा एक कागद आधी मिळाला पाहिजे. पश्चात्ताप झाला तर ठरावीक दिवसांच्या आत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून, दंडाशिवाय बाहेर पडता आलं पाहिजे. आणि सगळ्यात मोठं म्हणजे कर्जाच्या ॲपला तुमची फोन-यादी, कॉलची नोंद, फोटो आणि फायली यांना हात लावता येत नाही. कॅमेरा, माईक किंवा लोकेशन केवायसीपुरतं एकदाच, तेही तुमच्या परवानगीने. म्हणून ‘कॉन्टॅक्ट बघू का’ असं विचारणारं कर्जाचं ॲप दिसलं की ते नियमाबाहेरचं आहे, हे तिथेच कळतं. पुढचं वाचायची गरज नाही, काढून टाका. १ जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर परवानाधारक संस्थांच्या कर्ज-ॲप्सची यादीही आहे. नाव तिथे आहे का ते पाहा. पण एक लक्षात घ्या: ती यादी संस्थांनी स्वतः भरून दिलेली असते. नाव असणं म्हणजे रिझर्व्ह बँकेने दिलेलं शिफारसपत्र नव्हे.

मग संसद कुठे होती? आपण खासदार निवडतो ते कायदे करायला. रिझर्व्ह बँकेचे नियम तिच्या ताब्यातल्या संस्थांना लागू होतात. परदेशातून चालणाऱ्या चोरट्या ॲपला त्यांचा धाक कसला? आता जरा मागे जाऊ. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण ती नीट समजली नाही तर आपण ‘सरकार काही करत नाही’ एवढंच म्हणत बसतो.

आधारची सुरुवात जानेवारी २००९ मध्ये सरकारी आदेशाने झाली. कायदा नव्हता. पहिले आधार क्रमांक वाटले गेले ते महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी. त्याच वर्षी सरकारने संसदेत विधेयक आणलं आणि ते अर्थविषयक स्थायी समितीकडे गेलं. स्थायी समिती म्हणजे दोन्ही सभागृहांच्या, सगळ्या पक्षांच्या खासदारांची बैठक. तिथे टीव्हीचे कॅमेरे नसतात, म्हणून भाषणबाजीही कमी आणि काम जास्त. यशवंत सिन्हा अध्यक्ष होते. डिसेंबर २०११ मध्ये समितीने हे विधेयक या रूपात स्वीकारता येत नाही असं स्पष्ट सांगितलं. लोकांच्या माहितीच्या संरक्षणाचा कायदाच नसताना इतकी माहिती गोळा करणं हा तिचा एक आक्षेप होता. पुढे काय झालं? नोंदणी चालूच राहिली. कायदा झाला तो मार्च २०१६ मध्ये, तोही ‘धन विधेयक’ म्हणून. धन विधेयकावर राज्यसभा फक्त सूचना करू शकते. १६ मार्चला राज्यसभेने दुरुस्त्या सुचवल्या आणि लोकसभेने त्याच दिवशी त्या फेटाळल्या. पतसंस्थेत लेखापरीक्षकाने आक्षेप लिहावा आणि संचालकांनी वहीच बदलावी, तसं काहीसं. हे माझं मत. तुम्ही आपलं बनवा.

न्यायालयात मात्र वेगळं घडलं. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी केलेल्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितलं: खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मुख्य निकालपत्रांपैकी एक न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचं होतं. त्यात त्यांनी आणीबाणीतला १९७६ चा जबलपूर खटल्याचा निकाल चुकीचा ठरवला. तो निकाल देणाऱ्यांत त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. वडिलांचा हिशेब चुकला होता हे भर न्यायालयात लिहून ठेवणं सोपं नसतं. पुढच्या वर्षी, २६ सप्टेंबर २०१८ ला, आधारचा कायदा टिकला, पण बँक खातं आणि मोबाईल नंबर आधारशी जोडण्याची सक्ती गेली. सरकारी मदत थेट खात्यात हवी असेल तर आधार लागतं, हे मात्र राहिलं. आपल्या राज्यातल्या ज्या बहिणींना महतारी वंदनचे महिन्याला हजार रुपये मिळतात, त्यांना हे माहीत आहेच. (त्याच योजनेत बस्तरच्या एका गावात कुणीतरी सिनेनटीच्या नावाने खातं भरून पैसे उचलले होते. डिसेंबर २०२४ ची गोष्ट. माहिती नुसती गोळा करून भागत नाही, ती कुणीतरी तपासावी लागते.)

खासगीपणा हक्क ठरला, आता कायदा हवा होता. न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांची समिती नेमली गेली. मुंबई दंगलींच्या चौकशी आयोगामुळे त्यांचं नाव मराठी माणसाला ओळखीचं आहे. जुलै २०१८ मध्ये त्यांनी अहवाल आणि मसुदा दिला. डिसेंबर २०१९ मध्ये विधेयक आलं आणि संयुक्त संसदीय समितीकडे गेलं. समितीने दोन वर्षं घेतली आणि डिसेंबर २०२१ मध्ये ८१ दुरुस्त्या सुचवल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने विधेयकच मागे घेतलं. मग ३ ऑगस्ट २०२३ ला नवं विधेयक लोकसभेत मांडलं, ७ ला तिथे मंजूर, ९ ला राज्यसभेत मंजूर, ११ ला राष्ट्रपतींची सही. सहा वर्षं वाट पाहिली आणि शेवटचं काम आठ दिवसांत उरकलं. हे नवं विधेयक कोणत्याही समितीकडे पाठवलं गेलं नाही.

या कायद्याचं नाव आहे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. माहिती संरक्षण मंडळ स्थापन करण्याची कलमं लगेच लागू झाली. पण तुमच्या-माझ्या हक्काची मुख्य कलमं अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होणार आहेत. तोवर हे हक्क कागदावर आहेत, तरी ओळख करून घेऊ.

संमती मोकळी, नेमकी आणि समजून दिलेली हवी. चावीचं उदाहरण आठवा. कायद्यातच एक दाखला दिला आहे: डॉक्टरच्या सल्ल्याच्या ॲपने फोन-यादीही मागितली आणि बाईंनी हो म्हटलं, तरी ती संमती फक्त वैद्यकीय सल्ल्यापुरतीच धरायची, कारण सल्ल्याला फोन-यादी लागत नाही. दिलेली संमती परत घेता येते, आणि परत घेणं हे देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत मागता येईल. म्हणजे भिलाईत बसून तुम्ही मराठीत मागू शकता. पण आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईची भाषा छत्तीसगढी, आणि ती त्या २२ मध्ये नाही. तिला हिंदीवर भागवावं लागेल. ज्या राज्याचं नावच त्या भाषेशी जोडलेलं आहे, तिथे ही स्थिती आहे. तेव्हा तिच्या फोनवर काय विचारलंय ते तिला वाचून दाखवायला पाच मिनिटं काढा.

आता नॉमिनेशन. जशी एफडीला वारसदाराची नोंद करतो, तशी या कायद्याने माहितीसाठीही नोंद करता येईल: माझ्यानंतर, किंवा मी अंथरुणाला खिळल्यावर, माझ्या माहितीबद्दलचे हक्क अमुक व्यक्तीने बजवावेत. ज्यांची मुलं पुण्याला, बंगळुरूला आहेत आणि इथे दोघंच राहतात, त्यांनी हे विसरू नये.

पण कायद्यात उणीवही आहे आणि ती आपल्याच खिशाशी येते. माहिती सांभाळण्यात कसूर करणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. वाचायला छान वाटतं. पण तो दंड जातो भारताच्या संचित निधीत; ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला रुपयाही नाही. आजवर माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ मध्ये निष्काळजी कंपनीकडून भरपाई मागण्याची एक वाट होती. ती फारशी चाललेली नव्हती, तरी होती. नवा कायदा पूर्ण लागू झाला की ते कलम जाणार आहे. उलट, खोटी किंवा फालतू तक्रार केली म्हणून तुम्हालाच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. कर्ज थकलेल्या माणसाची मालमत्ता आणि देणी शोधण्याच्या कामाला या हक्कांतून सूट आहे. सरकार ज्या यंत्रणांना अधिसूचनेने वगळेल त्यांनाही सूट आहे. आणि याच कायद्याने माहिती अधिकाराचं कलम बदललं, ते मात्र अठरा महिने न थांबता नोव्हेंबर २०२५ मध्येच लागू झालं. मला हा क्रम खटकतो.

भरपाईवर संसदेत कुणी बोललंच नाही असंही नाही. जुलै २०२३ मध्ये, म्हणजे हा कायदा येण्याच्या काही दिवस आधी, अर्थविषयक स्थायी समितीने सायबर गुन्ह्यांवर अहवाल दिला. अध्यक्ष होते जयंत सिन्हा, म्हणजे यशवंत सिन्हांचे चिरंजीव. (हे बाप-लेक या गोष्टीत दोनदा आले, त्याला माझा इलाज नाही.) समितीचं म्हणणं असं: फसवल्या गेलेल्या ग्राहकाला बँकेने आधी पैसे भरून द्यावेत, तपास मागाहून करावा. पण समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते.

आता भिलाईचं. महादेव ॲपच्या प्रकरणाने आपल्या गावाचं नाव देशभर कसं गेलं, ते तुम्हाला माहीत आहे. प्रकरण न्यायालयात आहे, म्हणून त्यातल्या माणसांबद्दल मी बोलणार नाही. ५ नोव्हेंबर २०२३ ला केंद्राने महादेवसह २२ सट्ट्याची ॲप्स आणि संकेतस्थळं बंद करण्याचा आदेश काढला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. पण आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. ईडीच्या म्हणण्याप्रमाणे सट्ट्याचा पैसा फिरवायला बेनामी बँक खात्यांचं जाळं वापरलं गेलं. बेनामी खातं आकाशातून पडत नाही. कुणाच्या तरी आधारवर, कुणाच्या तरी सहीवर ते उघडलेलं असतं. ‘भैया, तुझं खातं वापरू दे, महिन्याला दोन-चार हजार देतो’ असं म्हणत पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम घेऊन जातात. बेकार पोराला वाटतं, फुकटचे पैसे आले. पुढे दुसऱ्या राज्याचे पोलीस येतात, खातं गोठतं, आणि आरोपीच्या रकान्यात त्या पोराचं नाव लागतं. खातं भाड्याने देणं हे क्वार्टर भाड्याने देण्यासारखं नाही. पोटभाडेकरूने काय केलं ते मला माहीत नाही, हे तिथे चालत नाही.

शेवटी कामाची गोष्ट, आणि ही लिहून घ्या. खात्यातून तुमच्या नकळत पैसे गेले तर पहिला फोन १९३० वर आणि लगेच बँकेला. दोन्हीकडून तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातला नियम असा: चूक बँकेची असेल तर तुमच्यावर बोजा नाही. चूक ना तुमची ना बँकेची, मध्येच कुठे तरी माहिती फुटली असेल, तर बँकेचा निरोप आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं की तुमचं नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त दहा हजारांचा भार, आणि शून्य शिलकीच्या मूलभूत खात्याला पाच हजारांचा. त्याहून उशीर झाला तर बँक आपल्या धोरणाप्रमाणे ठरवते. तुम्ही स्वतः ओटीपी सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. तरीही कळवाच, कारण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून लाजेखातर एक दिवसही घालवू नका. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा समाधान केलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला फी नाही, वकील नाही. चौकशीचा नंबर १४४४८.

पेन्शनर मंडळींनी आणखी एक करावं. जमिनीच्या दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे उचलून आधारच्या यंत्रावर पैसे काढल्याची प्रकरणं देशात उघडकीस आली आहेत. त्यावर उपाय म्हणजे आधारमधलं बायोमेट्रिक कुलूप. एमआधार ॲपवर लावता येतं. जमत नसेल तर १९४७ वर विचारा किंवा आधार केंद्रात जा. मात्र हयातीचा दाखला देताना अंगठा किंवा चेहरा चालणार नाही. तेव्हा थोड्या वेळापुरतं कुलूप उघडावं लागतं. दरवर्षी कुणीतरी हे विसरतं आणि ‘मशीन बिघडलं’ म्हणून परत येतं.

आणि खासदारांचं काय? माहिती संरक्षणाचे नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांसमोर ठेवावे लागतात, अधिवेशनाचे तीस दिवस; त्या मुदतीत संसद त्यात बदल करू शकते. स्थायी समित्या एखादा विषय घेतात तेव्हा वर्तमानपत्रात जाहिरात देऊन लोकांकडून लेखी निवेदनंही मागवतात. आपला मतदारसंघ दुर्ग. एका कागदावर एकच प्रश्न लिहून खासदारांच्या कार्यालयात देता येईल: माहिती फुटल्यामुळे ज्याचे पैसे गेले, त्याला २५० कोटींच्या दंडातून काही मिळणार आहे का? मराठीत लिहिलं तर सोबत हिंदी प्रत जोडा आणि पोच घ्या.

आता सगळ्यांनी फोन काढा. सेटिंग्जमध्ये ‘परमिशन’ असं असतं, त्यात ‘कॉन्टॅक्ट्स’. तिथे कोणकोणत्या ॲपला तुमची यादी दिसते आहे ते बघा. टॉर्चचं ॲप असेल तर ते आधी काढा. ज्यांना सापडत नाही त्यांनी चहा झाल्यावर थांबा, आपण एकेकाचा बघू.